खालचे बंद, वरचे उघडे

मित्रांनो, मी एक जुने दार आहे. खरे तर मी एक दार होते, आता दोन आहे. माझ्या कमरेतून करवत गेली आहे. ते कसे घडले हे तुम्हांला सांगावे असे फार दिवस मनात होते. दाराला बसता येत नाही, म्हणून उभ्या उभ्याच सांगते.

शेळगावच्या पुढे, कालव्याच्या चारीला, म्हणजे शेतांकडे जाणाऱ्या लहान पाटाला, धरून एक लहानशी वाडी आहे. त्या वाडीत पाणीवापर संस्थेची एक खोली आहे. खोलीत टेबल, कपाट, कुरकुरणारा पंखा आणि भिंतीला लागून एक लांब बाकडे आहे. कालव्याला पाणी सुटले की ते आधी कोणाच्या रानात जाईल आणि मग कोणाच्या, हे या खोलीत ठरते. त्याला आमच्याकडे पाळी लावणे म्हणतात. त्या खोलीचे मी दार.

दार होण्याआधी मी कडुलिंब होते. चारी जिथे संपते, अगदी त्या शेवटाला, वाडीतल्या बनाबाईच्या सासऱ्यांच्या बांधावर मी उभे होते. पाणी माझ्यापर्यंत येईतो दमलेले असायचे. ते हळूच यायचे, मुळांना बोट लावायचे आणि जिरून जायचे. ते जिरतानाचा आवाज अजून माझ्या लाकडात आहे. दुपारी वाडी झोपली की मला तो ऐकू येतो. कधी कधी वाटते, मी दार असल्याचे स्वप्न तो लिंबच पाहतो आहे.

एका वादळात मी आडवे झाले. बुंधा राहिला, त्याला फुटवे आले आणि त्यातला एक वाढून आज पुन्हा झाड झाला आहे. माझे खोड मात्र गेणू मिस्त्रींकडे आले. गेणू मिस्त्री म्हणजे वाडीतले सुतार. तेव्हा ते तरुण होते. रंधा मारताना ते लाकडाशी बोलत. मला घासून गुळगुळीत केल्यावर त्यांनी माझ्यावर तळहात फिरवला आणि म्हणाले, "लिंबाचं हाय, वाळवी लागायची न्हाय. जा, आता पाणी वाटणाऱ्यांच्या दारात उभं ऱ्हा."

मला चौकटीत बसवले त्या दिवशी नारळ फुटला, हळदीकुंकू लागले. संस्थेचे अध्यक्ष सावळारामआबा तेव्हा काळ्याभोर मिशांचे होते. ते सगळ्यांसमोर म्हणाले, "हे दार दिवसा कवा लागणार न्हाय. ज्याचं रान त्याची संस्था. कुणीबी यावं, बसावं, च्या घ्यावा." लोकांनी टाळ्या वाजवल्या. आबांनी मला भिंतीपर्यंत उघडले आणि पायाशी एक मोठा दगड लावला.

मित्रांनो, त्या दगडाने माझे पुढचे आयुष्य ठरवले.

आमच्या भागात दिवसाढवळ्या दार लावत नाहीत. तिन्हीसांजेला तर मुळीच नाही, कारण ती लक्ष्मी येण्याची वेळ. गावात कोणी गेले तरच दिवसा दारे लागतात. मग किराणा दुकानाचे शटर अर्धे खाली येते, पिठाची गिरणी थांबते आणि संस्थेचे दारही लागते. मला दिवसाउजेडी लावलेले लोकांनी पाहिले आहे ते फक्त अशा दिवशी. एरवी तिन्हीसांज टळून कुलूप लागेपर्यंत मी आपले भिंतीला तोंड करून उभे. सारा गाव माझ्या पाठीमागून आत यायचा आणि माझ्यासमोर चुन्याची भिंत. आल्यागेल्याला आबा अभिमानाने सांगत, "आमचं दार सदा उघडं." ते ऐकून मी फुगायचे. पण ते सांगताना कोणी माझ्याकडे वळून पाहत नसे. माझ्या बिजागऱ्या गंजल्या. माझ्या आणि भिंतीमधल्या सांदीत कोळ्याने घर केले. उघडे राहणे हेच ज्याचे काम, त्याला लावायचे कसे हे हळूहळू सगळेच विसरतात. मीसुद्धा विसरले.

एक गोष्ट मात्र या काळात मी शिकले. पाळीचे कागद खळ लावून माझ्या पाठीवर चिकटवत. लोक ते बोटाने अक्षरे जोडून मोठ्याने वाचत. बोट माझ्यावर फिरायचे आणि आवाज कानी पडायचा. अशी अक्षरे मला कळू लागली. उशिरा कळली, पण पक्की कळली.

ते कागद नेहमी उशिरा लागायचे. का ते सांगते. खोलीत सगळ्यांत जास्त बोलला जाणारा शब्द होता, "बसा." कोणी आला की संस्थेचे कागद लिहिणारे सचिव म्हणायचे, "या, बसा." तो बसायचा. पाण्याचे विचारायला आलेला माणूस आधी उन्हाचे बोलायचा, मग शेजारच्या बांधाचे, मग पोरीला पाहायला आलेल्या पाहुण्यांचे. तेवढ्यात चहा यायचा. चहा आला म्हणून दुसरा यायचा. दुसऱ्याला बसायला जागा देताना पहिला थोडा सरकायचा, पण उठायचा नाही. सचिवांनी लिहायला घेतलेली ओळ तशीच राहायची. माणूस गेला की ते ती पुन्हा पहिल्यापासून वाचायचे आणि पेन टेकवतात न टेकवतात तो तिसरा दारात. यात कोणी वाईट नव्हते. प्रत्येकाने दुसऱ्याच्या वेळातला ओंजळभरच घेतला. पण एकेक ओंजळ घेत गेले तर चारीसुद्धा रिकामी होते.

मग पाणी सुटायचे आणि कागद तयार नसायचा. पाणी सोडण्याचे काम बिरू पाटकऱ्याचे. तो खोरे खांद्यावर टाकून माझ्याजवळ उभा राहायचा आणि ओरडायचा, "कागद न्हाय तर मी कुणाचं ऐकू?" मग ज्याचा आवाज मोठा त्याच्या रानात पाणी. वरच्या अंगाला ऊस डुलायचा आणि शेवटाला, माझ्या लिंबाजवळ, बनाबाईच्या रानात भेगा पडायच्या.

अशी वर्षे गेली आणि मेहजबीन आली.

मेहजबीन बारामतीजवळच्या जळोचीची. बारामती एमआयडीसीतल्या एका दूधप्रकल्पाच्या कार्यालयात तिने काम केले होते. लग्न होऊन ती आमच्या वाडीत आली. तिचे सासरे बादशाहभाई इथले शिंपी. जुने सचिव निवृत्त झाले आणि ती जागा तिला मिळाली. पहिल्याच सकाळी तिने काय केले असेल? पायाने ढकलून तो दगड बाजूला सारला आणि माझ्या मागची धूळ झाडली. जाळे काढताना पुटपुटली, "अल्ला, केवढी ही दैना!" दुसऱ्या दिवशी येताना तिने सासऱ्यांच्या शिवणयंत्राच्या तेलाची कुपी आणली आणि माझ्या बिजागऱ्यांत दोन दोन थेंब सोडले. किती वर्षांनी मी न कुरकुरता हलले! त्या दिवशी मला उगाच पाने फुटल्यासारखे वाटत होते.

मेहजबीन कामाला वाघ होती. पण वाघ झाला तरी त्याला बाकड्यावरच्या लोकांनी घेरले तर तो काय करणार? ती लवकर येऊ लागली, तर लोकही लवकर येऊ लागले. "ताई आल्यात का? मग बसतो जरा." काम घरी न्यावे, तर घरीही लोक कपडे शिवायला म्हणून येत आणि पाण्याचे विचारत.

उन्हाळी पाणी सुटायचे दिवस जवळ आले. एका सकाळी बनाबाई आली. वयाने साठीच्या पुढची, एकटी, चारीच्या शेवटाला तिचे थोडके रान. त्यात तिने गाईसाठी कडवळ केले होते. कडवळ म्हणजे हिरव्या चाऱ्याची ज्वारी. बनाबाई बाकड्यावर बसली आणि तिने पानसुपारीची चंची सोडली.

"मेहजबीन, अगं दोन पाळ्या झाल्या, पाणी माझ्या बांधाला शिवलं न्हाय. कडवळ करपलंय बघ. ह्या पाळीला न्हाय आलं तर चंद्रीला काय घालू? बाजाराला न्यावी लागंल."

चंद्री म्हणजे तिची गाय. बनाबाईच्या घरात बोलायला दुसरे कोणी नव्हते.

"काकू, ह्या पाळीला कागद येळंवर करते. मग पाणी येणारच," मेहजबीन म्हणाली आणि तिने पेन उचलले.

"कर, कर. तुझं चालू दे. मी आपली बसलीय," बनाबाई म्हणाली आणि पानाला चुना लावत पुढे बोलू लागली. चंद्री लहान असताना विहिरीत कशी पडली, तिला काढायला कोण कोण उतरले, त्यातल्या एकाची पगडी कशी पाण्यात तरंगत राहिली, असे सगळे. मेहजबीनचे पेन हवेतच राहिले. मला हसूही आले आणि वाईटही वाटले. ज्या कागदावर बनाबाईची गाय टिकून होती, तो कागद बनाबाईच होऊ देत नव्हती. आणि हे तिच्या ध्यानीमनी नव्हते.

तेवढ्यात बिरू डोकावला. "ताई, पाणी सुटायचं आलंया. कागद झाला का?"

"व्हतोय, बिरूभाऊ."

"व्हतोय म्हंजे दरसाली व्हतोयच की!" बिरू म्हणाला आणि खोरे वाजवत निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेहजबीन आली ती ओठ घट्ट मिटून. एमआयडीसीतल्या तिच्या कार्यालयात काचेची दारे होती. ती आपोआप लागत. तिथे दार बंद म्हणजे आत गारवा आहे आणि माणसे कामात आहेत, एवढाच अर्थ. तिने दगड सारला, मला ओढले आणि आतून कडी लावली.

मित्रांनो, दाराला दोन तोंडे असतात. त्यामुळे त्या सकाळी आतले आणि बाहेरचे, दोन्ही मी पाहिले.

आत एवढी शांतता कधी नव्हती. मेहजबीनने एक गट, म्हणजे एका रानाचा नंबर, घेतला, तो पुरा केला, मग दुसरा घेतला. तिच्या कपाळाची आठी सुटत गेली. पंख्याची कुरकुरसुद्धा पाखरासारखी वाटू लागली. एखाद्या वाफ्यात पाणी गुपचूप भरत जावे, कोपऱ्यापर्यंत जावे, मातीचा रंग बदलावा, तसा तो कागद भरत होता. बघता बघता मला डुलकी लागली आणि मी माझ्या बांधावर जाऊन उभे राहिले.

बाहेर मात्र वेगळेच चालले होते. आधी दिग्विजय आला. हा वरच्या अंगाचा तरुण बागायतदार. मोटारसायकल लावून तो शीळ घालत पायरी चढला आणि माझ्यापुढे थबकला. शीळ थांबली. त्याने डोळ्यांवरचा गॉगल काढला आणि दबकत मागे सरला. मग काठी टेकत गेणू मिस्त्री आले.

"दार लागलंय? कोण गेलं रं?"

"मला काय ठावं, मिस्त्री. पर आबा दिसलं न्हाईत लई दिस."

"बारामतीला न्हेलंय न्हवं त्यांना? दवाखान्यात?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिले. "आरं द्येवा," गेणू मिस्त्री म्हणाले आणि पायरीवर बसले.

आता दोन माणसे लागलेल्या दाराबाहेर मान खाली घालून बसलेली दिसली, की तिसऱ्याला विचारायची गरज उरत नाही. दिग्विजयच्या मोबाइलमध्ये आबांचा गणपतीच्या मिरवणुकीतला हात जोडलेला फोटो होता. त्याखाली त्याने 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहिले आणि वाडीच्या ग्रुपवर टाकला. किराणा दुकानाचे शटर अर्धे खाली आले. गिरणी थांबली. बनाबाई पदर तोंडाला लावून आली आणि पायरीशीच तिने हंबरडा फोडला, "आबा, आता माझ्या पान्याचं कोण बघनार हो!"

आत मेहजबीनला यातले काही ऐकू आले नाही असे नाही. पण तिला वाटले, बाहेर नेहमीचीच बोलाचाली चालली आहे. ती एका गटाच्या मधोमध होती. मान वर केली असती तर पुन्हा पहिल्यापासून वाचावे लागले असते.

इतक्यात वडापची, म्हणजे वाटेत माणसे भरत येणारी, जीप आली आणि तिच्यातून सावळारामआबा उतरले. पांढऱ्या मिशा, डोळ्यांवर काळा चष्मा. अर्धे शटर, थांबलेली गिरणी आणि एवढी गर्दी पाहून त्यांनी टोपी काढून हातात घेतली. हळू आवाजात त्यांनी विचारले, "कोण गेलं?"

लोक डोळे फाडून त्यांच्याकडे पाहू लागले.

"आरं, मुकी झाला का समदी? गेण्या, तू सांग. कोण गेलं?"

गेणू मिस्त्रींनी मान आणखी खाली घातली. "आबा... तुमीच."

"मी? कवा?"

"सकाळच्याला, म्हणं."

"मग मला कसं कुणी सांगितलं न्हाय?"

मग मागून कोणीतरी फुसकन हसले आणि सगळी पायरी खदखदू लागली. दिग्विजय मोबाइलवरचे पुसायला धावला, पण तोवर त्याखाली शेळगावपर्यंतच्या लोकांनी हात जोडले होते. आबा काळा चष्मा सावरत म्हणाले, "बारामतीला डोळं उघडून घ्याया गेलतो, तर तुमी हितं मिटूनच टाकलं व्हय!"

हसण्याचा हा गलका ऐकून मेहजबीनने कडी काढली. समोर सारी वाडी. ती घाबरून उंबऱ्यातच उभी राहिली.

हसू विरले आणि लोकांना राग आठवला. दिग्विजय म्हणाला, "ताई, दिवसा दार लावलं तुमी? संस्था सभासदांची, आन सभासद उन्हात?"

"पूर्वीचं सचिव असं कवा करत नव्हतं," आणखी कोणी म्हणाले.

मेहजबीनच्या डोळ्यांत पाणी आले. पण तिचा आवाज सरळ होता. "माफ करा. मला हितली रीत ठावी न्हवती. पर दार उघडं असतंय तवा कागद व्हत न्हाय. कागद न्हाय झाला तर पाणी खालपतूर जात न्हाय. मी कुणाला हाकललं न्हाय. सकाळचं थोडं मला लिहू द्या, एवढंच म्हणते."

बनाबाईने पदर बाजूला केला. "खालपतूर म्हंजे माझ्याच रानात की गं."

"व्हय काकू. तुमच्याच."

आबा माझ्याकडे पाहत उभे होते. याच दाराला त्यांनी सदा उघडे ठेवण्याचा शब्द दिला होता. ते म्हणाले, "मग असं करा. खालचं लावा, आन वरचं उघडं ठिवा. पोरीचं काम बी हुईल, आन मी मेलो न्हाय हे बी समद्यांना दिसंल!"

पुन्हा हशा झाला. मेहजबीन हसली नाही. ती मला खालपासून वरपर्यंत न्याहाळत होती. मग तिने विचारले, "मिस्त्रीकाका, हुईल का असं?"

गेणू मिस्त्रींनी काठी भिंतीला टेकवली आणि माझ्याजवळ आले. "पोटच्या लेकराला करवत लावायची व्हय, ताई?"

पण ते आले. दुसऱ्या दिवशी आपली जुनी करवत घेऊन आले. त्यांनी मला बिजागरीतून उतरवले, दोन लाकडी घोड्यांवर आडवे ठेवले आणि पहिल्यासारखाच तळहात फिरवला. "थोडं सोस," एवढेच म्हणाले.

दुखले का, असे तुम्ही विचाराल. करवत शिरली तेव्हा माझ्यातून लिंबाचा कडू, हिरवा वास उठला. इतकी वर्षे तो आत कोंडलेला होता. त्या वासात मी वाहत गेले. मला बांध दिसला, चारी दिसली, दमून आलेले पाणी दिसले. भुसा पडत होता आणि मला वाटत होते, मोहोर गळतो आहे. जागे झाले तेव्हा मी दोन ठिकाणी होते. वरच्या अर्ध्यातून मला आभाळ दिसत होते. खालच्या अर्ध्याला उंबऱ्याची धूळ लागत होती. यातले मी नेमके कोणते, हे मला आजही ठरवता आलेले नाही. खालच्या अर्ध्याच्या डोक्यावर मिस्त्रींनी एक फळी ठोकली, कोपर टेकायला. आणि आतल्या अंगाला एक लहान कडी लावली.

त्या दिवसापासून सकाळी खालचे बंद, वरचे उघडे, आणि दुपारनंतर दोन्ही उघडी, असा रिवाज पडला. सकाळी येणारा माणूस फळीवर कोपर टेकून उभा राहायचा. आत मेहजबीन दिसायची, म्हणजे कोणी गेलेले नाही हे कळायचे. चहाही फळीवरच यायचा. पण उभा माणूस कामापुरतेच बोलतो, ही गंमत मला तेव्हा कळली. बाकडे आत रिकामे आणि मेहजबीनच्या तोंडी "बसा" नाही. लोक नाराज नव्हते असे नाही. "हे काय गोठ्याचं दार केलंय का?" असे टोमणे मी ऐकले. दिग्विजय तर रोज विचारायचा, "ताई, वैरण टाकली का आज?"

सगळ्यांत जास्त दुखावली ती बनाबाई. ती आली, फळीशी उभी राहिली आणि म्हणाली, "गुरं आडवावी तसं आडवलंय की मला!" मेहजबीन लिहीत होती. तिने ऐकले नाही. बनाबाईने फळीवरून हात आत घातला आणि कडी धरली. तिच्या बोटांची पकड मला जाणवली. आता ती आत येणार, बसणार, चंची सोडणार. कागदाचे अगदी शेवटचे काम उरले होते, म्हणजे चारीच्या शेवटाची रानेच लावायची उरली होती. मला ओरडावेसे वाटले. पण दाराला ओरडता येते ते फक्त गंजलेल्या बिजागरीतून, आणि माझ्या बिजागरीत तर तेल होते.

बनाबाई मेहजबीनच्या हाताकडे पाहत राहिली. पेन चालत होते. एका रानाशी थांबायचे, ते पुरे करायचे, मग पुढच्या रानाला. मित्रांनो, आमच्याकडे पिकाला पाणी देण्याला 'दारं धरणं' म्हणतात. एका वाफ्याचे तोंड उघडायचे, तो भरू द्यायचा, मग तोंड मातीने बुजवून पुढच्याचे उघडायचे. सगळी तोंडे एकदम उघडली तर पाणी कुठेच पोचत नाही. बनाबाईने जन्मभर तेच केले होते.

ती स्वतःशीच म्हणाली, "दारं धरलंय पोरीनं." तिने कडी होती तशी हळूच सोडली. मागून दिग्विजय येत होता. त्याच्याकडे वळून तिने ओठांवर बोट ठेवले. "थांब रं. पाणी वाफ्यात हाय."

तो आधी गोंधळला. मग त्याने मेहजबीनकडे पाहिले आणि आल्या पावली परत फिरला.

वाडीला तो शब्द आवडला. पुढे कोणीही मन लावून काम करत असले, की लोक आपापसांत म्हणू लागले, "थांबा, पाणी वाफ्यात हाय." पोरगा अभ्यासाला बसला की आई म्हणायची. बादशाहभाई सुईत दोरा ओवत असले की गिऱ्हाईक म्हणायचे.

त्या वर्षी पाणी सुटायच्या आधी कागद तयार झाला. बिरू पाटकऱ्याने तो दोन्ही हातांनी घेतला. "खरंच झाला की वो!" एक प्रत माझ्या वरच्या अर्ध्यावर चिकटवली. लोकांनी बोट फिरवून ती वाचली. त्यात बनाबाईचे नाव सगळ्यात शेवटी होते, पण होते. मग पाणी सुटले. वरच्या अंगाची राने भिजली. दिग्विजयने आपली पाळी संपताच तोंड बुजवले. त्याच्यापुढे कोणाचे नाव आहे हे साऱ्या गावाने वाचले होते, त्यालाही लपून जास्त पाणी घेता येत नव्हते.

तरी शेवटाला पाणी पोचेल का, हे कोणालाच सांगता येत नव्हते. चारी तहानलेली होती. तिनेच वाटेत पाणी पिऊन टाकले तर? मेहजबीन दुसरे काम घेऊन बसली होती. मधूनच मान वर करून ती माझ्या वरच्या चौकोनातून रस्त्याकडे पाहायची. रस्ता रिकामा. ती पुन्हा मान खाली घालायची. मीही पाहत होते. चैत्राचे ऊन होते. वाडी पेंगुळली होती. आणि अचानक माझ्या लाकडात, वरच्या अर्ध्यात आणि खालच्या अर्ध्यातही, काहीतरी जिरल्यासारखे वाटले. ओळखीचे. दमून आलेले. मला वाटले, स्वप्नच असेल.

मग रस्त्यावर बनाबाई दिसली. लुगडे खोचलेले, पोटऱ्यांपर्यंत ओला चिखल, एका हातात खोरे. ती धावत नव्हती. वेळ असल्यासारखी सावकाश येत होती. ती फळीशी येऊन उभी राहिली. कडीला तिने हात लावला नाही. मेहजबीनने मान वर करेपर्यंत ती थांबली.

"आलं," बनाबाई म्हणाली.

एवढाच शब्द. मेहजबीनने पेन टेबलावर ठेवले. ती उठली आणि तिने स्वतःच्या हाताने खालची कडी काढली.

"या काकू. बसा."

तो शब्द मी आयुष्यभर ऐकत आले होते. पण त्या दिवशी तो पहिल्यांदा म्हटल्यासारखा वाटला. बनाबाई चिखलाच्या पायांनी आत आली. बाकड्यावर बसली, तिने चंची सोडली. "तर चंद्री विहिरीत पडली तवा..." तिने पहिल्यापासून सुरुवात केली आणि मेहजबीनने गालाला हात लावून ती सारी गोष्ट ऐकली, अगदी पाण्यावर तरंगणाऱ्या पगडीपर्यंत. निघताना बनाबाईने कनवटीला खोचलेली लिंबाची डहाळी काढली. कोवळी, मोहोर असलेली. "तुज्या दाराच्या झाडाची हाय," असे म्हणून ती तिने माझ्या कडीत अडकवली.

मित्रांनो, तुमच्या घरात, शाळेत, कचेरीत कोणी मान खाली घालून काही करत असेल, तर फळीशी घटकाभर उभे राहा. त्याच्या वाफ्यात पाणी असेल. आणि तुमचे काम पुरे झाले की मात्र खालची कडी आपल्या हाताने काढा. सदा उघडे दार गंजते, तसे सदा लावलेलेही गंजते. बाहेर उभ्या असलेल्या माणसाची गोष्ट अजून ऐकायची राहिलेली असते. आणि माझ्यासारख्या जुन्या दाराच्या बिजागरीत कधीमधी दोन थेंब तेल सोडा. आम्ही आवाज करत नाही, पण आमच्या ध्यानात राहते.

आता तिन्हीसांज टळून गेली. मेहजबीन कुलूप हातात घेऊन उठली आहे. ती आधी खालचे लावील, मग वरचे. दिवसभर वेगळे असलेले आम्ही दोघे एकमेकांना टेकू. वरचा खालच्याला सांगेल, रस्त्याने कोण कोण गेले. खालचा वरच्याला सांगेल, किती कोपरे टेकली. मग बोलणे संपेल आणि आम्ही पुन्हा एक झाड होऊ, चारीच्या शेवटाला, पाण्याची वाट पाहत.